वजन

यातेंगाच्या लाल, टणक माळावर
लासाने सुती कापडं पुरत होता.
माती जिवंत असेल तर खाईल, म्हणाला,
नसेल तर परत देईल.

नोपोकोनं घरातून सदरा आणला, नवऱ्याचा.
"हा पुर. तोही इथंच आहे, बांधापलीकडे."

तीन महिन्यांनी उकरलं.
पड जमिनीतलं कापड जसंच्या तसं,
घडीसुद्धा मोडली नव्हती.

नोपोकोच्या खड्ड्यांत,
जिथं ती उन्हाळाभर शेण घालून वाळवी पोसते,
दोन गुंड्या
आणि कॉलरची नायलॉनची शिवण.

लासानेनं काटा लावला. चार ग्रॅम.
वहीत रकाना होता, भरला.

तिनं गुंड्या उचलल्या, थुंकी लावून पुसल्या.
"पहिल्यापासून खादाडच मेला,"
म्हणाली,
आणि बाजरीकडे बघत राहिली.