नीळ आणि डिंक

दुकानांच्या पाट्या रंगवायचो मी.
न्हाव्याची कात्री, खाटकाचा बैल,
ट्रकच्या मागं दृष्ट लागू नये म्हणून एक उघडा डोळा.
अक्षराचं शेपूट किती लांब, नूनचं पोट किती खोल
यावरून गिऱ्हाइकांशी भांडायचो.
त्यापलीकडं माझं कुणाशी वैर नव्हतं.

लढाईच्या सातव्या आठवड्यात अवादीया बाई आल्या,
संग्रहालयाच्या. हातात कागद,
कागदावर एक ढाल, निळी-पांढरी, खाली टोक असलेली.
म्हणाल्या, छपरावर काढ. एवढी मोठी
की विमानातल्या माणसाला चष्म्याशिवाय दिसावी.
मी विचारलं, दिसली तर तो काय करील?
"कायदा आहे," त्या म्हणाल्या
आणि इकडंतिकडं पाहू लागल्या, जणू
कायदा इथंच कुठंतरी ठेवला होता
आणि आत्ता हाताला लागत नव्हता.

रंग नव्हता. बाजार लुटला तेव्हा
आधी साखर गेली, मग चपला, मग माझे डबे.
बतूल धोबिणीकडं कपड्यांची नीळ निघाली, अकरा पुड्या.
डिंक तर आमच्या कोर्दोफानातच पिकतो,
झाडाला जखम केली की.
कुटला, भिजवला, नीळ कालवली. पांढऱ्यासाठी चुना.
गुडघे भाजून घेत दोन दिवस ढाल काढली.
आयुष्यातली सगळ्यात मोठी पाटी
आणि तिच्यावर एकही अक्षर नाही.

तोवर खाली तळघरात माणसं आली होती.
आधी नऊ. शाळेवर गोळा पडल्यावर त्रेसष्ट.
बाई घडे सरकवत होत्या,
दोन हजार वर्षांचे, तान्हं पोर उचलावं तसे,
आणि घडा हलला की त्या जागी कुणीतरी टेकत होतं.
सरकवता सरकवता भिंत आली.
ताजेलसिर मास्तर म्हणाले, घडे बाहेर काढा.
बाई म्हणाल्या, आधी मला काढा.
त्या रात्री दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.
घडेही राहिले, माणसंही.
पाय पसरायला मात्र कुणालाच मिळालं नाही.

धुळीचं सांगायचं राहिलं.
भिंतीसारखी चालत येते, दुपारची रात्र करते,
गेली की छप्पर कोऱ्या पाटीसारखं.
मग खराटा घेऊन पोटावर सरपटत मी वर जायचो,
ढाल झाडायचो.
बायको म्हणायची, लोक अंगण झाडतात,
तू आभाळासाठी झाडतोस.

ज्यांनी गाव घेतलं त्यांची पोरं आली, मिसरूड न फुटलेली.
"वर काय काढलंयस? निशाण कुणाचं?"
कुणाचंच नाही, मी म्हणालो.
"असं असतं का?"
मला उत्तर आलं नाही. पाटीवर मालकाचं नाव असतंच.
त्यांनी दारावर पलटणीचं नाव लिहायला लावलं.
लिहिलं. नुसती नीळ, डिंक न घालता.
नूनचं पोट उथळ ठेवलं.

जाताना त्यांनी काशाची घंटा नेली,
एक सोन्याची बांगडी
आणि ताजेलसिर मास्तरांना.
तिन्हींची नोंद बाईंनी एकाच पानावर केली.

टाकीला गोळी लागली त्या दिवशी
पोरांच्या सुकलेल्या ओठांकडं बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.
मग घडा क्रमांक एकशे चाळीस उचलून
बतूलच्या डोक्यावर दिला. विहिरीवर जा म्हणाल्या. जपून.
पहिल्यांदा झिरपला. मग मुरला, थांबला.
पाणी गार होतं, त्याला मातीचा वास होता.
वहीत "स्थिती" या रकान्यात इतकी वर्षं होतं:
अखंड, तोंडाशी बारीक चीर.
त्याखाली बाईंनी लिहिलं: वापरात.

मास्तरांच्या नावापुढं तोच रकाना अजून कोरा आहे.
बाई रोज ते पान उघडतात, पेन काढतात, मिटतात.

पश्चिमेकडं आभाळ तांबूस व्हायला लागलंय.
खराटा कुणी घेतला?