पाच पट्ट्या

खल्फान बिन हुमैदना माझ्या नावातला ळ येत नाही.
धवळे म्हणताना जीभ घसरते, मग म्हणतात,
दवले, ही बघ. आजोबांची.

बंदूक टेबलावर ठेवली
आणि दुकानात कितीतरी माणसांच्या घामाचा वास आला.
सूरमधल्या तीन पिढ्यांच्या लग्नांत
हवेत उडवून झेललेली.
दस्त्यावर चांदीचे पत्रे,
नळीवर, झेलणारा पंजा बसतो तिथे,
दालचिनीच्या सालीसारखा सुटणारा गंज.

मुहन्नद, मुलगा, गाडीतून उतरला नाही.
काच खाली करून म्हणाला,
सिरॅमिक मार. वाळूच्या रंगाचं.
वीस वर्षं बघायला नको.

या गावात समुद्र भिंतीतून आत येतो.
सप्टेंबरात कुलपं पाझरतात,
शेजारच्या शिंप्याची सुई रात्रीतून लाल होते.
इथे पोलादावर थर निवडायचा म्हणजे
जावई निवडायचा:
दिसतो कसा हे शेवटी,
आधी बघायचं घामाशी कसा वागतो.

मी एकाच पत्र्याच्या पाच पट्ट्या कापल्या.
एकीला निकेल, ताटलीसारखं लखलखीत.
एकीला फॉस्फेट, राखाडी, खरखरीत,
तेल पिऊन गप्प बसणारं.
एकीला सिरॅमिकचा फवारा, भट्टीत भाजून.
एकीला जुनी निळाई,
जी खरं तर गंजच असते,
शिस्त लावलेला.
पाचवी उघडी.
गच्चीवरच्या दोरीला, माझ्या दोन बनियनांच्या मधे टांगल्या
आणि वहीत तारीख घातली.

उघडी तिसऱ्याच दिवशी गेली.
निकेलला कडेला एक फोड आला,
टोकरला तर खाली सगळं पोकळ.
फॉस्फेट टिकलं, तेल होतं तोवर.
निळाईवर ठिपके.
सिरॅमिकला चाळीस दिवसांत काही झालं नाही.
नळाखाली धरली, नवी कोरी.

हिशेब सरळ होता.
मी मुहन्नदचा नंबर शोधत होतो, इतक्यात म्हातारा आला,
उरलेल्या चारही पट्ट्या रुमालात बांधल्या.
म्हणाला, समुद्राची परीक्षा तू घेतलीस,
हाताची राहिली.

रोज रात्री एक पट्टी मुठीत धरून झोपला म्हणे.
बायको हसली असेल. मी तरी हसलो.

आठ दिवसांनी निळाईची पट्टी समोर ठेवली.
तिच्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा,
गंजाने काढलेला, रेघ न् रेघ.
हीच, म्हणाला.

बाबा, ही सगळ्यांत कच्ची.
दर आठवड्याला तेल मागेल,
विसरलात की नळी खाऊन टाकेल.

तेच तर.
ज्याला काही लागत नाही ते भिंतीवर राहतं.
हिला दर शुक्रवारी कुणीतरी खाली उतरवेल.
कुणीतरी, असं म्हणून त्याने रस्त्याकडे पाहिलं.
गाडीची काच वर होती, एसी चालू.

आमच्यात म्हणतात, हात फिरे तिथे लक्ष्मी फिरे.
ती बंदुकीच्या नळीवर कशी बसवायची
आणि अरबीत कशी सांगायची, ते जमेना.
मी नुसती मान हलवली, दर ठरवला,
त्यातले दोन रियाल त्याने कमी करून घेतले.

शुक्रवार माझाही असतो.
दुपारी कराडला फोन लावतो,
जेवलीस का, जेवलो,
पाणी आलं का, आलं,
एवढंच. कधीकधी तर नुसती खरखर.

निळाई चढवायला बारा दिवस गेले.
शेवटच्या हाताला नळी अशी काळी झाली
की पहाटेचं बंदर तिच्यात दिसावं.
सिरॅमिकची पट्टी अजून माझ्याकडे आहे,
डगमगत्या टेबलाच्या पायाखाली.
नवी कोरी.

तीन शुक्रवार काहीच नाही.
चौथ्याला मुहन्नदचा फोन, वैतागलेला:
दवले, तेल कुठलं?
मी सांगितलं.
आणि फडकं?
सुती घे, म्हटलं.
जुना बनियन चालतो.