शेवटून मोजताना

मी सगळ्यात मागे चालते.
तेच माझं काम, मोजणं.
रविवार कारंजावर सकाळी साडेसहाला
आम्ही चौदा होतो, किंवा साडेतेरा;
गर्गेबाईंचा नातू निमिष अर्धा धरायचा की एक
हे अजून ठरलेलं नाही.

पुढे गायधनी. तीस वर्षं नगर भूमापनात काढली,
त्यांना घरं दिसत नाहीत, नंबर दिसतात.
"इथे चारशे बारा होतं," म्हणतात,
आणि आम्ही मान वर करून
मोबाईलच्या दुकानाकडे आदराने बघतो.

तांबट आळीत ठोके आता एकाच दारातून.
ठण्. ठण् ठण्. मग चहा.
शेजारी प्लॅस्टिकच्या बादल्या, एकात एक,
बंबवाल्याने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
फोटो काढून झाले तेव्हा म्हणाला,
"तुमच्यात कुणाकडं आहे का अजून बंब?"
आम्ही खिसे चाचपले,
जणू तिथेच कुठे राहिला असेल.

मग चढ. नाशकात चढ येतोच.
गाव नऊ टेकड्यांवर बसलंय म्हणतात;
गुडघ्यांचा आकडा वेगळा आहे.
काझीची गढी लांबूनच पाहिली:
मातीचा कडा, कड्याच्या काठावर घर,
घराला दोरी, दोरीवर शाळेचा गणवेश.
दर पावसाळ्यात थोडी गढी खाली येते.
इथे गायधनींनी नंबर सांगितला नाही.

दहीपुलाशी उतरलो.
"पूल कुठेय?" निमिष.
"तू उभा आहेस त्यावर."
"मग पाणी?"
"खाली. सरस्वती."
काठीने त्यांनी लोखंडी झाकण वाजवलं,
आणि आम्ही सगळी शिकली सवरलेली माणसं
भर बाजारात कंबरेत वाकून
गटाराला कान देऊन उभी.

मेथी निवडणारी बाई म्हणाली,
"काय पडलं वो? किल्ली?"
"नदी," निमिष म्हणाला.
ती हसली नाही.
"ती व्हय. येती की वर.
मागल्या साली येऊन गेली,
दोन पाट्या मेथी नेली माझी.
पैसं द्यायचं राह्यलंय तिचं."
आणि पाटी वीतभर सरकवली झाकणापासून,
कुणी यायचं असलं की दारातली चप्पल
आपण पायाने बाजूला करतो, तशी.

मिसळीच्या वाटेवर मोजले. तेरा.
मागे आले.
पोरगा झाकणापाशी उकिडवा,
मला बघून ओठांवर बोट.
मीही वाकले. रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी,
कुणाच्या तरी शटरचं वर जाणं,
आणि त्याखाली...
नक्की नाही सांगता येणार.
फोन वाजत होता, तर्री संपत आलीय म्हणून.

त्या दिवसापासून त्याला मी पूर्ण एक धरते.
निघताना मेथीच्या दोन जुड्या घेतल्या.
वीस रुपये. बाई सुटे शोधायला लागली,
म्हटलं बरोब्बर आहेत.