कानाची खूण

ब्रांदुर, मंडळीच्या वहीत सतरा वर्षं
तुझ्या नावावरून रेघ गेलेली आहे.
साकारिसकाकांनी ती पट्टी धरून मारली,
त्यांना वाकडं काही खपत नसे.
पण शाई पातळ होती. नाव अजून वाचता येतं.
हिशेब तपासायच्या निमित्ताने
मी दर वर्षी ते वाचते.

तू चौदाचा होतास. मे महिना,
खाडीचं पाणी असं की हाडांनी बोंब मारावी.
काकांनी तुला बुडवलं, वर काढलं,
आईने लोकरीत गुंडाळलं,
आणि तू दात वाजवत हसत म्हणालास,
"सुन्नेवा, मी आता कायमचा झालो."

कायमचा.
माशाचा काटा दातांत अडकावा
तसा हा शब्द मी अजून जिभेने चाचपते.

मग तिशीतला तो हिवाळा. तू बोटीवरून आलास,
भाकरीची थाळी तुझ्यापर्यंत आली
आणि तू ती तशीच पुढे दिलीस.
"माझ्या हातात ही नुसती भाकर आहे," म्हणालास,
इतक्या हळू, की कुणाला रागावताही येईना.

त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात वडीलजन बसले.
एक म्हणाले, जो गेला तो कधी आपला नव्हताच.
काका म्हणाले, होता. पदरात पडलेलं तारण
त्याने आपल्या हातांनी घालवलं.
वचनामागून वचन. कॉफी निवली.
आईने किटली पुन्हा चुलीवर ठेवली
आणि त्यांच्याकडे पाठ करूनच विचारलं,
"मग त्या दिवशी पाण्यातून वर येऊन
हसलं कोण?"

कुणी उत्तर दिलं नाही.
काकांनी टोपी शोधली. ती त्यांच्या मांडीवरच होती.

तू मात्र त्यानंतर निवांत झोपलास.
झोप गेली ती आमची, राहिलेल्यांची.
मी एकही रविवार चुकवला नाही,
तरी पहाटे दचकून उठते
आणि माझं तारण पिठाच्या डब्यासारखं
कानाशी हलवून बघते, किती उरलंय.

तोर्शावनच्या इस्पितळात शेवटचे नऊ दिवस
मी तुझ्या तोंडाकडे पाहत बसले. एक शब्द हवा होता,
काकांना नेऊन दाखवता येईल असा.
तू विचारलंस,
"मेंढ्या उतरल्या का डोंगरावरून?"
म्हटलं, अजून नाही.
मग तू काहीच बोलला नाहीस.

त्या शरदात मेंढ्या उतरवल्या तेव्हा
पलीकडच्या कड्यावरून एक आली,
तीन हिवाळे कात्री न लागलेली,
लोकर जमिनीवर लोळत होती. चालती गंजीच.
कुणाची, कुणी सांगेना.
मी तिला गुडघ्यांत दाबून धरली,
गुंत्यात बोटं घातली, कान शोधला.
डाव्याचं टोक कापलेलं, उजव्याला मागून खाच.
आपलीच.
तिने स्वतःचा कान कधी पाहिला नव्हता.
ती मला लाथा मारत होती.

तिथेच, चिखलात, मला रडू आलं.
वाटलं, पळत जावं, काकांना हाच दाखला द्यावा.
पण ब्रांदुर, हेही खरं की
ऑक्टोबरात सुरी चालते
ती खूण असलेल्यांवरच.
म्हणजे दाखला पुरा पडत नाही.
मी तो कुणालाच सांगितला नाही.
मेंढी या वर्षापुरती सोडून दिली.

काल थाळी माझ्याकडे आली.
खिडकीबाहेर धुकं, पोरं खोकत होती,
म्हातारे साकारिसकाका डोळे मिटून होते
की झोपले होते, कळेना.
मी तुकडा मोडला,
नेहमीपेक्षा अंमळ मोठा,
आणि थाळी पुढे दिली.