एकसष्ट टक्के

बेसबॉलचा नवा हंगाम साडेनऊला उतरणार म्हणतात.
तिकडची ती दुपार,
इकडे डिचोलीत भांडी पालथी घालायची वेळ.
आठवडाभर मी तयारीत आहे.

जागा हवी म्हणून जुन्या क्लिपा पुसल्या.
त्यात तो होमरनही गेला,
नवव्या डावात, दोन बाद असताना मारलेला,
जो मी जीपमध्ये तुळशीदासला फोनवर दाखवला
तर म्हणाला, "बरो. पूण विकेट खंय?"

फुटबॉलचा गेम पुसला, तो काय गावात कुणालाही येतो.
शर्वाणीचा नाचाचा ठेवला.
ती हल्ली नाचत नाही,
तरी विचारेल.

एकही पाकीट फोडलेलं नाही.
एक्केचाळीस हजार नाणी तशीच राखून आहेत.
सुलक्षा म्हणते, खऱ्या पगाराच्या वेळी
हा गुण कुठं जातो?

आणि कार्डं, सगळी एकाच माणसाची.
डॅरन किटल. डावखुरा. वय एकोणचाळीस.
चोवीस किटल माझ्या पेटीत ओळीनं उभे,
तोच चेहरा, तीच वाकडी टोपी.
गुण एकोणऐंशी. आज रात्री ऐंशी झाला
की रुपेरीचा सोनेरी होईल, भाव पाचपट.
पण खरं सांगू, भावासाठी नाही घेतला.
त्याचा चेंडू हळू येतो.
इतका हळू, की समोरचा बॅट फिरवून मोकळा होतो
आणि चेंडू नंतर पोचतो,
पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा.
वीज खात्यात बावीस वर्षं काढली मी.
मला हे कळतं.

इन्व्हर्टर चतुर्थीपासून मेलेला आहे.
लाईनमनच्या घरी इन्व्हर्टर, लोक हसतात म्हणून
मी बॅटरीचं मनावर घेतलं नाही.

नऊ बत्तीसला सुरू झालं. तेवीस जीबी.
सहा. अकरा. बराच वेळ अकरा.
मग अठ्ठावीस, मग मी चहा केला.
एकसष्टवर फोन वाजला. कार्व्हालोसाहेब.
"नार्व्याच्या वाटेर पणसाचो खांदो.
लायनीक टेकला, किटाळां उडटात.
तूं लागींच आसा न्ही?"

खांबाखाली उभं राहून वर पाहिलं
तेव्हा डोक्यात शिरलं, हा फीडर माझाच.
फांदी काढायची तर लाईन मारायची,
लाईन मारायची तर बोर्डे गेलं, वाठादेव गेलं,
आणि माझी बाहेरची खोली,
जिथं निळी पट्टी सरकत असेल.

शटडाऊन मीच मागितला. वहीत मीच लिहिला:
दहा सव्वीस. कारण, झाड.
हँडल ओढलं.
गाव गेलं.
अंधारातून, कुठल्याशा खिडकीतून, एक बाई:
"कितलो वेळ रे?"
"पांच मिनटां," मी म्हणालो,
जसं बावीस वर्षं म्हणत आलो.

अर्थिंग लावलं, पट्टा आवळला, चढलो.
पहिला वार घाईत हुकला,
दुसरा साल सोलून गेला.
मी थांबलो. श्वास घेतला.
मग कोयता सावकाश आणला,
अगदी सावकाश.
खाली तुळशी ओरडला, "आयली, आयली, कुशीक सर!"

ओढून कडेला टाकेपर्यंत पावणेबारा.
घरी लाईट होती, माणसं निजलेली.
स्क्रीन विचारत होता, पुढे सुरू करू का?
कोपरानं बटण दाबलं.
दोन्ही हात फणसाच्या चिकानं भरलेले,
कंट्रोलरला लावले तर जन्मात सुटायचे नाहीत.

स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली,
जमिनीवर बसलो,
एकेक बोट चोळत.
पलीकडे किटल अजून एकोणऐंशीच.

बासष्ट.