पावणेदोन इंच

अकरा वर्षं शेड डांबरी कागदातच उभी होती.
वारा सुटला की कागद फडफडायचा,
आणि बर्टन क्राउस शेवंडांचे पिंजरे ट्रकवर चढवता चढवता ओरडायचा,
"एल्वा, आतल्या कपड्यांवरच उभी ठेवणार का बिचारीला?"

एनॉस म्हणायचा, पुढच्या वर्षी.
नोव्हा स्कोशियाच्या या खाडीतली निम्मी घरं ज्याच्या हातची,
त्याचीच शेड उघडी.
मी म्हणायचे, सुताराचं असंच असतं.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला.
आधी चमचा, मग पेन्सिल,
मग हातोडा.

या जूनमध्ये मीच गिरणीतून फळ्या आणवल्या.
हेमलॉक, दहा इंची,
इतक्या ओल्या की खिळा ठोकला की चष्म्यावर पाणी उडायचं.
एनॉस प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर घोंगडी,
हात घोंगडीखाली,
तोंड मात्र बाहेर.

"एकच खिळा. मधोमध.
दोन मारशील तर थंडीत आवळताना उभी चिरेल.
लाकडाला हलायला जागा लागते."

"चिकटवून लाव. फट ठेवू नकोस.
वाळली की अंतर पडतं आपोआप."

चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला
हे सांगायची गरज नव्हती.
पण तोंडात चार खिळे होते, म्हणून गप्प राहिले.

ओळंबा वाऱ्यात झुलत राहायचा.
मी मुठीत धरून त्याला शांत करायचे,
हळूच सोडायचे,
आणि दोरीच्या बाजूने फळी सरकवायचे.
उत्तरेची भिंत झाली. पश्चिमेची झाली.
दारावरच्या तुकड्यांपायी एक अख्खी दुपार गेली.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या भिंतीवर
शेवटच्या फळीची जागा मोजली.
वर दहा इंच.
मध्ये नऊला जरा वर.
खाली सव्वाआठ.

टेप झटकून पुन्हा मोजलं.
ओळंबा लावला. माझ्या फळ्या सरळ होत्या.
कोपऱ्याचा खांब कलला होता.
तो खांब एनॉसने उभा केला होता,
त्याच्या हातावर पाण्याचा पेला ठेवला तरी
थेंब सांडला नसता, तेव्हा.

वळून पाहिलं.
तीन दिवसांत पहिल्यांदाच खुर्चीतून ब्र नाही.
तो खाडीकडे बघत होता,
जिथे धुक्याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

मी आकडे मोठ्याने सांगितले नाहीत.
फळी घोड्यांवर टाकली,
वरच्या टोकाला दहाची खूण, खालच्या टोकाला सव्वाआठची,
खडूची दोरी ताणून रेघ मारली
आणि कापायला लागले.

करवतीच्या आवाजात तो काहीतरी बोलला.
मी थांबले.

"पावणेदोन," तो म्हणाला. "ना?"

"कधीपासून माहीत आहे?"

"कागद मारला त्याच संध्याकाळी."

"मग सांगायचं."

"कुणाला? बर्टनला?"

मला हसू आलं, मग आलं नाही.
अकरा वर्षं हा माणूस रोज खिडकीशी चहा पीत
एका कोपऱ्याकडे बघत होता,
आणि मला वाटायचं, समुद्राकडे.

फळी कापून झाली. निमुळती, चर्चच्या बाकासारखी.
बसली मात्र अचूक.
तो म्हणाला, "खाली जरा तासायला हवी होती."
म्हटलं, हो.

सप्टेंबरात फळ्या वाळल्या,
मधे पेन्सिल शिरेल एवढ्या फटी पडल्या.
त्यांवर पट्ट्या मारायच्या,
खिळा फटीतून थेट आतल्या आडव्या वाशात,
दोन्ही फळ्यांना धक्का न लावता.
कोपऱ्याची शेवटची पट्टी एनॉसने धरली,
खुर्चीतून उठून, दोन्ही हातांनी.
पट्टी थरथरत होती.
मी हातोडा उगारून वाट पाहिली,
आणि ती जागेवर येण्याच्या क्षणी ठोकला.
दुसरा खिळा वाकला. तिसरा बसला.

रस्त्यावर ट्रक थांबला.
"नेसवलंस एकदाचं!" बर्टन म्हणाला.
कोपऱ्यातलं त्याला काही दिसलं नाही.
किंवा दिसलं असेल.
त्याचाही बाप सुतारच होता.