मलेवाच्या पुढे

दुकानातल्या बाईनं पावाच्या पिशवीवर
नकाशा काढून दिला होता:
गव्हाची कोठारं, मग डावीकडे, मग गुरांसाठीची जाळी,
मग "दिसेलच तुम्हाला."
आम्हाला काही दिसलं नाही.

अकरा किलोमीटर तांबडा मुरूम,
काचेच्या आत माशा,
थेल्मा पहिल्या गिअरमध्ये, मान खिडकीबाहेर,
आणि मी दर झुडपाला: थांब, थांब… नको, चल.
गुलाबी कागदी फुलं होती, मैलभर होती,
पण त्यांचे फोटो परवाच काढून झाले,
दोनशे चाळीस,
सगळे पंगतीला बसल्यासारखे.

मग समोरून ग्रेडर आला, पिवळा, धुळीत अर्धा.
माणसानं इंजिन बंद केलं. कानांत एकदम पोकळी.
नाव एर्नी. टोपीला ग्रीस.
"रानात काय बघताय? रानात नाही येत ते.
मी खरवडतो ना, तिथं येतं.
यंदा ओरबाडलं की पुढल्या साली, नाहीतर त्याच्या पुढल्या."
आणि फुललेलं असलं की?
"पातं उचलून धरायचं.
ऑफिसात दोनशे मीटर कमी भरतात.
भरू देत."

तो पुढे चालला, आम्ही मागे.

जमिनीला चिकटून, ताटाएवढं गोल,
मधे नुसती हिरवी पानं,
आणि कडेनं फुलं, पिवळट, लाल काठाची,
सगळ्यांची तोंडं बाहेर.
कुणी मयताला म्हणून पुष्पचक्र आणावं,
घर सापडू नये,
आणि रस्त्याकडेलाच ठेवून परत जावं, तसं.

मी पोटावर. कोपरांत खडे रुतलेले.
ऊन फार होतं, पाकळ्या पांढऱ्याफटक येत होत्या,
म्हणून थेल्मानं हॅट काढून आडवी धरली.

अॅल्फ गेला तेव्हा तिनं पेपरात छापून दिलं होतं:
कृपया फुलं आणू नयेत.
आम्ही आणली नाहीत.

"झालं?" एर्नीनं विचारलं.
माझं कधीच झालं होतं.
थेल्माची हॅट तशीच होती,
हात जरा थरथरत होता,
सावली पण.

रात्री मोटेलमध्ये फोटो बघितले.
चांगल्यात चांगला जो आला
त्याच्या कोपऱ्यात तिच्या बुटाचं टोक आलंय,
सुटलेली नाडी.
मी म्हटलं, कापते एवढं.
ती दात घासत होती.
आतूनच म्हणाली, राहू दे.